घरामागच्या खळ्यातली पंगत

संक्रांत होऊन गेली आणि बाईचा फोन आला. बाई म्हणजे माझी मोठी बहीण, विमल. तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यात तिला दिलेली आहे. भाऊजींना जाऊन वर्ष झालं, नुकतंच वर्षश्राद्धही उरकलं होतं.

"राजू, औंदा रोडगे करायचे हायेत," ती म्हणाली. "खळ्यात. दरसाल होतात तसे."

"जमंन काय तुले?"

"करनं जमते मले. लोकं येतीन का नाई, तेवढं मालूम नाई. नाई आले तं मी समजीन, हे घर आता बोलावनाऱ्याचं नाई रायलं."

मी येतो म्हणालो आणि फोन ठेवला. घरच्या घरी, आपल्या मोकळ्या जागेत चार माणसं बोलावून जेवू कसं घालावं याविषयी मी या ब्लॉगवर अधूनमधून लिहितो. सजावट, बैठक, पदार्थ असं सगळं लिहितो. पण बोलावल्यावर माणसं येतील का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. रोडगे म्हणजे जाडसर कणकेचे, आत पदर असलेले गोळे. ते शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. हिवाळ्यात अमरावती-अकोल्याकडे शेतात, देवळाजवळ, घरामागे हे जेवण होतं. भाऊजींच्या घरी ते दर वर्षी मारुतीच्या नावानं व्हायचं आणि अर्धं गाव जेवून जायचं.

शुक्रवारी सकाळी मी आणि सुनंदा, माझी बायको, अमरावतीहून निघालो. तेल्हाऱ्याला जायला दर्यापूर, अकोट हा रस्ता सोयीचा. आम्ही मुद्दाम परतवाड्याचा फेरा घेतला, कारण सुनंदाला पळसाच्या पत्रावळी हव्या होत्या आणि मेळघाटातल्या बाया त्या परतवाड्याच्या बाजारात विकायला आणतात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे फेरा फारसा महागात पडत नाही. पत्रावळी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. त्या कोरड्या पडल्या की चिरतात आणि वरण मांडीवर येतं. ओल्या फडक्यात गुंडाळून न्याव्यात, आणि वाढायच्या आधी वर पाण्याचा हात फिरवावा.

अचलपूर मागे पडलं तसा उजव्या हाताला सातपुडा दिसू लागला. संत्र्याच्या बागा, मग तुरीची सवंगणी, म्हणजे कापणी, चाललेली शेतं, मग शेवटच्या वेच्याला आलेली कपाशी. मधे एका फाट्यावर एक म्हातारी मांडीएवढी बोरी, म्हणजे पोतं, घेऊन चढली.

"या बोरीले तिकीट लागन माय," कंडक्टर म्हणाला.

"काहून? शिटावर बसली काय ते? माह्या मांडीवर हाये. मांडीवरच्या लेकराले तिकीट घेतं काय तू?"

"हे लेकरू हरभऱ्याचं दिसून राह्यलं."

"मंग हरभऱ्याचं पोट भरलेलं असते. रडत नाई. चाल, घंटी मार."

सगळी गाडी हसली. कंडक्टरनं घंटी मारली. सुनंदाही हसली, आणि मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "बाई नाही हो संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेल्या. कोणी बोलावलंच नाही." अंजनगावचे पानमळे येऊन गेले. पुढे रस्त्याचं काम चालू होतं, गाडी बराच वेळ धुळीतून रांगत गेली.

अकोटला गाडी बदलावी लागते. स्टँडबाहेर आलुबोंडा आणि तिखट रस्सा मिळतो. दोघांचं पोट भरतं आणि खिशालाही लागत नाही. तेल्हाऱ्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. निलेश, माझा भाचा, मोटरसायकल घेऊन आला होता. त्यानं आम्हाला दोन खेपांत गावात नेलं, पहिल्या खेपेत मामी आणि पत्रावळी, दुसऱ्या खेपेत मी.

बाईचं घर गावाच्या टोकाला आहे. मागे खळं, एका अंगाला कडुनिंब, दुसऱ्या अंगाला बाभूळ. पूर्वी इथे ज्वारीची मळणी व्हायची, आता ती मशीनवर होते. वर्षभर तिथे एकही पंगत बसली नव्हती. शनिवारी सकाळी आम्ही तण काढलं, सडा टाकला. सावलीसाठी मंडपवाल्याला सांगावं असं सुनंदा म्हणाली, तर बाई आत गेली आणि हातावर घडी घातलेली लुगडी घेऊन आली. हिरवी, लाल काठाची, एक जरा झगझगीत जांभळी.

"मंडप कायले? हे हायेत ना."

"बाई, हे तुमचे चांगले लुगडे," सुनंदा म्हणाली.

"चांगलेच हायेत. पेटीत पडून कसर लागन. बांदा."

आम्ही ती कडुनिंबापासून बाभळीपर्यंत दोरीवर बांधली. ज्यांना घरी असं काही करायचं असेल त्यांनी सुती लुगडी जवळ आणि नायलॉनची विस्तवापासून लांब बांधावीत. कडांना दगड न बांधता ज्वारीचे धांडे, म्हणजे वाळकी ताटं, टाचावेत, वाऱ्यानं फडफडत नाहीत आणि दिसतंही छान. बसायला बारदान धुऊन अंथरलं. माठांना ओली फडकी गुंडाळून झाडाच्या बुंध्याशी ठेवले. दुपारच्या उन्हात त्या लुगड्यांचे रंग जमिनीवर पडले होते. बाई भांडी घासता घासता एकदा थांबून ते बघत राहिली, मग पुन्हा घासू लागली.

गोवऱ्या बघायला वानखडे मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, गावातल्या बौद्ध वस्तीत राहणारे. भाऊजींचे जुने दोस्त, दर वर्षी विस्तव दोघं मिळून सांभाळायचे. त्यांनी एक गोवरी उचलून कानाजवळ ठोकली, वाळली आहे म्हणाले, आणि बारदानावर बसले.

"किती लोकं येतीन मास्तर?" मी विचारलं.

"कोन जाने."

"निलेशनं ग्रुपवर टाकलं ना," सुनंदा म्हणाली.

"टाकलं मामी," निलेश म्हणाला. "सगळ्याईनं आंगठे देले."

"आंगठा मीबी देला," मास्तर म्हणाले. "पायलं म्हनून देला. येतो म्हनून नाई देला."

मास्तर निलेशकडे न बघता बोलत राहिले. "तुहा बाप दारात उभा राहून सांगे. चूलबंद हाये म्हने. म्हंजे त्या दिवशी घरी चूल पेटवाची नाई, लेकरंबाळं घेऊन याचं. घरात म्हातारं मानूस असन तं त्याले वेगळं सांगे. आता मोबाइलवर कोनाले समजन का चूल बंद ठेवाची का नाई? दुखाचं घर हाये. लोकं म्हनतीन, आपन उगच कायले जाव."

मी जाऊन सांगू शकत नव्हतो. मी बाईच्या माहेरचा, या घराचा सोयरा. सोयऱ्यानं पंगतीला वाढावं, पाणी द्यावं, पण गावाला आवतन द्यायचा मान त्याचा नाही. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. निलेश पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा होता. वडील गेल्यापासून तो कुणाच्या दारात गेला नव्हता. दारात गेलं की लोक तेच विचारतात, तेच सांत्वन करतात, हे त्यानं मला बसस्टँडवर सांगितलं होतं.

"जाय," बाई आतून म्हणाली. एवढंच.

"मी चालतो संगं," मास्तर म्हणाले. "पन बोलजो तू. मी मुका."

ते दोघं गेले आणि दिवेलागणीला परत आले. निलेशचा आवाज बसला होता. कोण काय म्हणालं ते त्यानं सांगितलं नाही, बाईनंही विचारलं नाही. तिनं कणीक मोजायचं भांडं पुन्हा डब्यात घातलं आणि आणखी काढली.

रविवारी उजाडताच विस्तव पेटवला. विस्तवासाठी वारा अडेल अशी जागा बघावी, भोवती पाणी शिंपडावं आणि जवळ पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, ढीग असेल तर तो आधी हलवावा. वाळलेल्या पऱ्हाटीला ठिणगी पुरते. ज्वाळा बसून नुसते निखारे उरले की मगच रोडगे ठेवायचे, घाई केली तर वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. मास्तर आणि निलेश लांब काठीनं रोडगे उलटत होते. वांग्याच्या भाजीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, बाईनं स्वतः चढवला. तयार झाल्यावर पहिला रोडगा फोडून, तूप घालून निलेश मारुतीला ठेवून आला. मी खळ्यातूनच हात जोडले. मारुतीजवळ काय मागितलं ते इथे लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळेलच.

सूर्य माथ्यावर आला तरी कोणी नव्हतं. बाई चुलीजवळ पाठ करून बसली होती. मग बांधावरून एक म्हातारा काठी टेकत आला, त्याच्यामागे त्याची सून, तिची दोन लेकरं. मग वस्तीतून माणसं आली, मग देवळाकडून. पाहता पाहता लुगड्यांखालची बारदानं भरली, आणि काही जण उन्हातच बसले. पत्रावळी मांडल्या. मी वरण वाढलं, सुनंदानं भाजी, निलेशनं रोडगे फोडून त्यावर तूप.

आणि कोणी जेवेना.

आमच्याकडे वाढून झालं की घरचा माणूस हात जोडून पंगतीतून फिरतो आणि सावकाश होऊ द्या म्हणतो. त्याच्या त्या शब्दाशिवाय कोणी पहिला घास घेत नाही. हा शब्द दर वर्षी भाऊजींचा असायचा. मला वाटलं निलेश म्हणेल. निलेश माझ्याकडे बघत होता, मामा मोठे आहेत, ते म्हणतील म्हणून. मास्तर मान खाली घालून बसले होते. सगळं केलं होतं, आणि नेमकं हेच कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

तूप थिजू लागलं. एका लेकरानं रोडग्याला हात लावला, तर आईनं तो हळूच मागे घेतला. कुणी खोकलं. काठीवाला म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "कोनाची वाट पाहून राह्यलो आपन?"

"घरच्या मानसाची," शेजारी म्हणाला.

मी निलेशला खूण करणार, तेवढ्यात बाई उठली. हातातला डाव तिनं गंजावर आडवा ठेवला, पदर डोक्यावरून घेतला आणि चालत पंगतीच्या मधोमध आली. वर सावलीला तिचीच हिरवी आणि जांभळी लुगडी होती. तिनं हात जोडले. पंगतीतल्या पन्नाशीच्या पुरुषांनीही माना खाली घातल्या. ती म्हणाली.

"होऊ द्या सावकाश."

मग थोडं थांबून, "मांगून घ्या. भाजी तिखट झाली असन तं सांगा."

"वांग्याची भाजी तिखटच पायजे माय," काठीवाला म्हातारा म्हणाला आणि त्यानं घास घेतला. त्याच्यामागून सगळी पंगत जेवायला लागली. मास्तरांनी डोळे पुसले. धुरानं म्हणाले. विस्तव तेव्हा केव्हाच विझला होता, पण त्यांना कुणी काही म्हटलं नाही.

बाई शेवटपर्यंत पंगतीतून फिरत राहिली. कुणाला तूप, कुणाला वरण, एका लेकराला रोडग्याचा नुसता कडक पापुद्रा हवा होता तो. बायांची पंगत बसली तेव्हा शेजारणींनी तिला ओढून मधे बसवलं. ती जेवली. वर्षभरात तिला असं जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

सोमवारी आम्ही दर्यापूरच्या रस्त्यानं परत आलो. हा रस्ता सरळ आहे, सोबत सामान नसेल तर हाच धरावा. गाडीत सुनंदा झोपली. मी आमच्या कॉलनीतल्या कार्यक्रमांचा विचार करत होतो. तिथे जेवण टेबलावर मांडलेलं असतं, जो येतो तो ताट भरून घेतो आणि जेवून जातो. सोपं आहे, वाईटही म्हणत नाही. पण तिथे कुणी कुणासाठी थांबत नाही. मी इतकी वर्षं सजावटीवर लिहीत आलो. सजावट हवीच, लुगड्यांच्या त्या सावलीनं जेवणाला शोभा आली. पण वाचकहो, घरी माणसं बोलावणार असाल तर दारात जाऊन बोलवा. आणि पंगत बसली की सावकाश होऊ द्या कोण म्हणणार, ते आधी ठरवून ठेवा. किंवा नका ठरवू. आमच्याकडे ठरलं नव्हतं म्हणून तो शब्द योग्य माणसाकडे गेला.

संध्याकाळी हातपाय धुऊन देवापुढे बसलो. वर्षभर रोज तिथे बसून बहिणीसाठी काहीतरी मागत होतो. त्या दिवशी मागावंसं काही सुचलं नाही. नुसता बसलो. तेवढ्यात फोन वाजला. बाई होती.

"पोचले काय?"

"पोचलो."

"मास्तर येऊन गेले. त्याईच्या नातवाचं बारसं हाये. आपलं खळं मांगून राह्यले. मी देतो म्हनलं."

"मले कायले विचारतं बाई? तुह्यं खळं."

"विचारून नाई राह्यली," ती म्हणाली. "सांगून राह्यली."