पंप श्वास आत घेत नाही

माझ्या लेकीच्या शब्दावर विश्वास ठेवून एक दिवस कुणीतरी फसेल, ही धास्ती काही केल्या माझ्या मनातून जात नाही. तिच्या तब्येतीची, जेवणाखाण्याची काळजी मी करतेच, पण ती बेताची. ही वेगळी आहे. दूर कुठेतरी एखादी बाई तिला विचारते, "माझं वॉशिंग मशीन ठकठक करतंय, चालू ठेवू का?" माझी मुलगी सांगते, "ठेवा." ती बाई निर्धास्त झोपते आणि इकडे माझी झोप उडते.

लोकांच्या घरातले आवाज ऐकायचे आणि ते कशाचे आहेत हे सांगायचं, हा माझ्या मुलीचा धंदा. इंटरनेटवर तिचं आवाजांचं कोठार आहे. तिथे तुम्ही घरघर, खरखर, टकटक, किरकिर, गुणगुण यांतला जो आवाज तुमच्याकडे येत असेल तो निवडायचा, ऐकायचा, आणि आपल्या घरातल्या आवाजाशी ताडून बघायचा. खाली साध्या भाषेत लिहिलेलं असतं: हा आवाज कशाचा, घाबरायचं का, आणि कुणाला बोलवायचं. तरीही कळलं नाही तर आवाज रेकॉर्ड करून तिला पाठवायचा. त्यासाठी लोक वर्षाची वर्गणी भरतात. हे मी पहिल्यांदा माझ्या बहिणीला सांगितलं तेव्हा तिने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे नक्की करते काय ती?"

लहानपणी आम्ही तिला टिपकागद म्हणायचो. घरात आलेल्या प्रत्येक माणसाचं बोलणं, खोकणं, जिना चढणं ती टिपून घ्यायची आणि तो माणूस गेला की हुबेहूब करून दाखवायची. कधी कधी तो जायच्या आधीच. पुढे तिला नोकरी लागली ती घरगुती उपकरणांच्या तक्रारी फोनवर घेण्याची. कानाला हेडफोन, समोर पडदा, पडद्यावर चौकटी. मॉडेल कुठलं, घेतलं कधी, बटण दाबून पाहिलंत का. पलीकडचा माणूस मात्र सांगायचा, "अहो, ते मधेच कण्हल्यासारखं करतं!" कण्हण्यासाठी पडद्यावर चौकट नव्हती.

ते ऑफिस एक दिवस बंद झालं. ती घरी आली, पायातल्या चपलाही न काढता सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "आई, लोकांना भागांची नावं माहीत नसतात. आवाज माहीत असतो. आवाजावरून सांगणारं कुणीच नाही. मी सांगणार."

"तुला काय येतं त्यातलं?" मी विचारलं.

"आत्ता काहीच नाही."

मी अर्थशास्त्राची पदवीधर आहे. एखाद्या विषयाचा काठ दिसायला वर्षं लागतात, अशा शिकवणीतली. त्यामुळे 'आत्ता काहीच नाही' यातल्या 'आत्ता'चीच मला जास्त भीती वाटली.

तिचं म्हणणं साधं होतं. तिला मशीन दुरुस्त करायला शिकायचंच नव्हतं. बिघडलेलं मशीन कसं बोलतं, एवढीच पट्टी तिला खोल खणायची होती, आणि तीही आधी फक्त वॉशिंग मशीनची. ते जमलं की फ्रिज, मग पंप, मग पंखे. दुरुस्तीची जाडजूड पुस्तकं तिने इंटरनेटवरून उतरवून घेतली आणि त्यातली फक्त आवाजाबद्दलची पानं वाचली. मग गेली आमच्या मागच्या रस्त्यावरच्या मेकॅनिककडे. त्याचं दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली, दोन्ही भिंतींना उघडीबोडकी मशिनं टेकलेली, मधे एका माणसापुरती वाट.

"इथे बसायला जागा नाही," तो म्हणाला.

"मी उभी राहीन. तुमचा फोन सारखा वाजतोय काका, तो मी घेत जाऊ का?"

त्याने दोन्ही हात वर करून दाखवले. ग्रीसने माखलेल्या हातांनी फोन उचलून उचलून तो त्रासलेला होताच. सौदा ठरला. फोन ती घेणार, आणि त्याच्या बदल्यात कुठलंही मशीन उघडण्याआधी तो ते एकदा चालवून दाखवणार. ती आवाज टिपणार, आत काय बिघडलंय त्याचा अंदाज मोठ्याने सांगणार. मगच तो उघडणार.

सुरुवातीला तिचा एकही अंदाज बरोबर यायचा नाही.

"छान चाललंय तुझं," मेकॅनिक म्हणायचा. "तू पट्टा म्हणालीस की मी पट्टा सोडून बाकीचं बघतो. वेळ वाचतो माझा."

ती हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी. संध्याकाळी घरी येऊन दिवसभराचे आवाज परत परत ऐकायची. आमच्या जेवणाच्या टेबलावर सुटलेले स्क्रू, बेअरिंगमधल्या झिजलेल्या गोळ्या आणि फाटक्या नळ्या असायच्या, आणि बोलणं असायचं ते खरखर आणि चरचर यांतल्या फरकाचं. हळूहळू मेकॅनिकचे टोमणे कमी झाले. एक दिवस तो गिऱ्हाईकाला म्हणाला, "थांबा, आधी आमच्या बाईंना ऐकू द्या." हे तिने मला दारातूनच ओरडून सांगितलं.

वर्ष सरायच्या आत तिने कोठार उघडलं. लोक येऊ लागले, ऐकू लागले. मी मात्र एकाच प्रश्नाची वाट बघत होते: तू कोण सांगणारी?

तो प्रश्न आला, आणि आला तो आमच्याच घरामुळे.

आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप आमच्या मागच्या बोळात आहे. त्याचं बेअरिंग खराब झालंय असं सगळेच म्हणत होते. तिने भर दुपारी बोळाकडच्या खिडकीत रेकॉर्डर ठेवला, बराच वेळ टिपलं, आणि त्यातली सगळ्यात स्पष्ट घरघर निवडून कोठारात लावली. नाव दिलं: 'पंपाचं बेअरिंग गेल्याची घरघर.' पुष्कळांनी ऐकली. कितीतरी जणांनी खाली लिहिलं, 'आमच्याकडेही अगदी हाच आवाज.'

मग एका बाईंचं पत्र आलं. त्या दुसऱ्या गावात पंपदुरुस्तीचं काम करायच्या. पत्रात एवढंच होतं: 'ताई, पंप श्वास आत घेत नाही. नीट ऐका.'

आम्ही तिघांनी ऐकलं. घर्रर्र... मग थोडा थांबा... मग आत ओढलेला लांब, समाधानी श्वास, आणि शेवटी ओठांचं हलकं फुर्र. मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. बोळाकडच्या खिडकीखालीच ह्यांची दुपारची आरामखुर्ची असते.

"मी नाही," हे म्हणाले.

"बाबा!"

"बेअरिंग गेलं असेल तर वयोमानाने गेलं असेल. मुद्दाम नाही केलं मी."

ती हसली नाही. चेहरा पांढराफटक पडला होता. माझी तर पाचावर धारण बसली. मी म्हटलं, "काढून टाक आधी ते. कुणाच्या लक्षात यायच्या आत काढ."

"ज्यांनी 'आमच्याकडेही हाच' म्हणून लिहिलंय त्यांचं काय, आई? त्यांना वाटतंय त्यांचा पंप गेला."

तिने तो आवाज काढला नाही. त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हा पंप नाही. हे माझे बाबा आहेत. चूक माझी आहे.' आणि मग 'आमच्याकडेही हाच' म्हणणाऱ्या एकेकाला फोन करत बसली. एका गृहस्थांनी तर पंप काढायला माणूस बोलावून ठेवला होता.

"म्हणजे आमचा पंप चांगला आहे म्हणता?" त्यांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही काका. मी तुमचा पंप ऐकलेलाच नाही. तुम्ही ऐकलेत ते माझे वडील. आता तुमचा पाठवा."

पलीकडून इतकं मोठं हसू आलं की ते मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं. त्यांनी पाठवला. पंप ठणठणीत होता, त्याखालचा एक बोल्ट सैल होता.

त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. तेव्हापासून एकही आवाज असाच कोठारात जात नाही. आधी बिघडलेल्या मशीनचा आवाज टिपायचा, मग ते उघडून बिघाड डोळ्यांनी बघायचा, दुरुस्त झाल्यावर त्याच जागी उभं राहून पुन्हा टिपायचं. दोन्ही आवाज शेजारी शेजारी लावायचे. दुखणं आणि बरं वाटणं. ही जोडी नसेल तर तो आवाज नाही. जुने कितीतरी आवाज तिने स्वतःच्या हाताने काढून टाकले. कोठार निम्मं रिकामं झालं. आणि गंमत म्हणजे लोक वाढले ते त्यानंतर. बाबांचं पान ऐकायला यायचे, हसायचे, खालची ओळ वाचायचे, आणि आपल्या फ्रिजचा आवाज घेऊन परत यायचे. हे तेव्हापासून विचारताहेत, "माझ्या मानधनाचं काय?"

ज्या बाईंनी ती चूक पकडली त्यांनाच तिने पहिल्यांदा कामावर घेतलं. मी म्हटलं, "चूक काढणाऱ्या माणसाला रोज समोर बसवणार?" ती म्हणाली, "लांब बसवलं तर पत्र यायला उशीर होतो."

खरी परीक्षा झाली ती यंदा. पुष्कळशा इमारतींची देखभाल बघणाऱ्या एका कंपनीने तिला बोलावलं. पसंत पडलं तर त्यांच्या प्रत्येक इमारतीत तिचं कोठार जाणार होतं. नाही पडलं तर घरबसल्या चालणारी एक गंमत, एवढीच त्याची किंमत राहणार होती. मी बरोबर गेले. "तू आत यायचं नाहीस," असं ती वाटेतच बजावत होती. मी बाहेर बाकावर बसले. दार मात्र पुरतं लागत नव्हतं, त्याला माझा इलाज नव्हता.

देखभालीचे मुख्य साहेब, पिकलेल्या मिशांचे, एकेक आवाज लावत होते आणि ती सांगत होती. नळ बंद केल्यावर भिंतीतून येणारी धाड. फ्रिजचा पाय वाकल्यामुळे होणारी कुरकुर. साहेब नुसते "हं" म्हणत होते. मग त्यांनी तळघरातल्या मोठ्या पंख्याचा आवाज लावला. तिने तो पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. मी बाकाची कड घट्ट धरली.

"मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "असा मी ऐकलेला नाही. पण तो बंद ठेवा आणि आजच उघडून बघा."

"माहीत नाही म्हणता, आणि बंद ठेवा म्हणता?"

"माहीत असतं तर कदाचित चालू ठेवा म्हणायचा धीर झाला असता, साहेब."

मग साहेब म्हणाले, "आता शेवटचा." आणि आवाज लावला. घर्रर्र...

"ह्यांना उठवू नका," माझी मुलगी म्हणाली. "आणि हे आमचे बाबा नाहीत. बाबा शेवटी फुर्र करतात."

खोलीत हशा पिकला. साहेबांनी कबूल केलं की तो त्यांच्या मेहुण्याचा होता. ते पान त्यांनीही ऐकलेलं होतं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. पंखा उघडला होता. एका पात्याला मुळाशी तडा गेला होता. आणखी थोडा फिरला असता तर पातं निसटलं असतं. साहेब म्हणाले, "आमची माणसं रोज ऐकूनही तो आवाज नेहमीचाच समजत होती. तुम्ही नवा समजलात. कामाला कधी लागताय?" तिने फोन ठेवला आणि मला कडकडून मिठी मारली. माझा जीव भांड्यात पडला, तो पंख्यामुळे की तिच्यामुळे, ते त्या क्षणी मला सांगता आलं नसतं.

आज त्या करारावर सह्या झाल्या. दोन खोल्यांचं तिचं ऑफिस आहे, जाड पडद्यांचं, आत गेलं की कापसात शिरल्यासारखं वाटतं. कानाला हेडफोन लावून बसलेली माणसं आहेत, आणि त्यांच्या समोरच्या पडद्यावर पहिली चौकट आहे: 'कसा आवाज येतो ते तुमच्या शब्दांत सांगा.' भिंतीजवळ एक रिकामी खुर्ची ठेवली आहे, मेकॅनिकसाठी. तो आला की आधी तीवर बसतो आणि म्हणतो, "बघ, मी जागा दिली नव्हती, तू दिलीस." आज सगळ्यांसमोर त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात धुतलेला होता.

एवढं सगळं डोळ्यांनी बघून मी घरी आले. हे केव्हाच झोपलेत, घरघर आणि फुर्र नेमाने चाललंय. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत गेले काही दिवस येणारी ती टिक-टिक आताही येतेय. गरम पाणी वापरलं की सुरू होते, मग हळूहळू विरते. त्यासाठी मी प्लंबरला बोलावलं, शेजारच्यांना विचारलं, ह्यांचं डोकं खाल्लं. एवढ्या परक्या बायका जिला विचारून निर्धास्त झोपतात, तिला मात्र विचारलं नाही. तिने 'काही नाही, चालू दे' असं सांगितलं तर मला झोप लागेल का, हेच मला बघायचं नव्हतं.

आता बघायचंय. ती भिंत मी फोनवर टिपून ठेवली आहे, गरम पाण्याचा नळ सोडण्याआधीची आणि नंतरची, दोन्ही. सकाळी ऑफिस उघडलं की फोन करणार आहे. तिच्या नंबरवर नाही, कोठाराच्या. फोन तिच्याकडे जाईपर्यंत रांगेत थांबेन, कसा आवाज येतो ते माझ्या शब्दांत सांगेन, आणि ती जे म्हणेल ते करेन. आई बोलतेय हे मात्र सांगणार नाही. सांगायची गरजच पडणार नाही.