उरलेला आठवडा

दुखणं सोसायची अक्कल आमच्या घरात कुणालाच नाही. नवऱ्याला दाढी करताना ब्लेड लागलं, तर ते डिचोलीच्या बाजारात चार माणसांना कळतं. गेल्या श्रावणात मी मॅमोग्राम करून आले आणि दुखतंय म्हटलं, तर हाच माणूस दारात उभा राहून विचारतो, "दुखतंय म्हणजे कितीसं?" मी त्याला जाऊन पेपर वाचायला सांगितलं.

तशी मी गेले होते थोरल्या जावेसाठी. तिचं माहेर नार्व्याचं. तिची सख्खी बहीण दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरने गेली; गाठ लागत होती, पण लाजेपायी कुणाला दाखवली नाही. तेव्हा डॉक्टरांनी जावेला बजावलं होतं की दरवर्षी तपासून घ्यायचं. जाऊ माझी भित्री, मांजर आडवं गेलं तरी घरात परत येणारी. ती म्हणाली, "तू आदी जावन ये गो. तू सांगशीत तर मी जातंय." म्हणून पहिली तारीख माझी आणि पुढच्या आठवड्यातली तिची, असं ठरलं.

तारीख घेताना फोनवरच्या मुलीने पाळीची चौकशी केली. म्हणाली, पाळी होऊन गेली की पुढच्या आठवड्यात या. मला रागच आला. श्रावणात आमच्याकडे आयतार, म्हणजे रविवार, पूजतात. चौथ्या दिवशी न्हाऊन झालं की मग पत्री गोळा करा, उपास करा, सोवळं सांभाळा. त्यात हॉस्पिटलच्या बाकड्यांवर जाऊन कोण बसणार? "तो आठवडा देवाचा," मी तिला ऐकवलं. "तुम्हाला उरलेला मिळेल." आणि पाळीला तीन दिवस असताना गेले.

मशीनवाली मुलगी माझ्या पोरीच्या वयाची. आधी तिने काखेतली पावडर पुसायला लावली, मग मला धरून वाकडी-तिकडी उभी केली, आणि वरून पाटी खाली आणली. सासूनेसुद्धा मला इतकं कधी दाबलं नव्हतं. "श्वास धरा," ती म्हणाली. श्वास होता कुठे धरायला? दोन्ही बाजू, सरळ आणि आडव्या, असे चार फोटो झाले. मी दात आवळून उभी राहिले. कालच्या पोरीपुढे हूं की चूं करणार नव्हते.

नंतर तीन दिवस ब्लाउज अंगाला सोसेना. मॅक्सी घालून, टॉवेलात बर्फ गुंडाळून जनेलाशी, खिडकीच्या वाऱ्याला बसायचं, दुपारी एक गोळी घ्यायची, एवढंच काम. शेजारीण कापराचं तेल घेऊन आली. तिच्याकडे पायाच्या मुरगळीपासून परीक्षेत नापास होण्यापर्यंत सगळ्यावर तेच तेल. सर्वणच्या नणंदेने फोन केला. "आमी असली थेरां कदी केली नाय, आनी आमी काय मेलंव नाय." मेलेल्यांना फोन करता येत नाही, हे तिला कोण सांगणार! मी फोन ठेवून दिला.

चौथ्या दिवशी अंग हलकं झालं आणि माझं तोंड सुटलं. बलकांवात, दारापुढच्या बाकांवर, शेजारच्या तिघी जमल्या होत्या, जाऊ होती. मी आतून दोन पाट आणि कणकेचा गोळा आणला आणि मशीन कसं चालतं ते करून दाखवलं. कणीक चारी बाजूंनी बाहेर आली. बायका पोट धरून हसल्या. जाऊसुद्धा हसली, पण तिचा हात पदराखाली गेलेला मी पाहिला होता. पाहूनही मी थांबले नाही. दुसरा गोळा घेतला.

तिच्या तारखेच्या दिवशी ती तयारच झाली नाही. "माका नको गो. तू तीन बाळंतपणां हूं की चूं न करता काढलंस. तुका इतक्या दुखलां, तर माजा काय होतला?" भित्यापाठी ब्रह्मराक्षस, मी म्हटलं, आणि तिचा नाद सोडला. माझा रिपोर्ट चांगला आला होता. तो मी कपाटात ठेवला.

गणपतीची चवथ गेली, दसरा गेला. दिवाळीच्या तोंडावर सासूच्या रक्ततपासणीसाठी त्याच हॉस्पिटलात गेले, तर व्हरांड्यात ती मशीनवाली भेटली. मी चारचौघांत म्हटलं, "काय, अजून बायका चिरडता का?" ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही पाळीच्या तोंडावर आला होता. तेव्हा ती जागा आधीच ठणकत असते. म्हणून तर नंतर बोलावतात. आणि दुखतंय म्हणाला असता, तर थांबून परत बघितलं असतं. तुम्ही बोललाच नाही." मग तिने विचारलं, तुमच्या जाऊबाई यायच्या होत्या, त्यांचं काय झालं?

जावेची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. मला दुखलं तसं तिला दुखायचं कारणच नव्हतं.

त्याच दिवशी बलकांवात, त्याच तिघींसमोर, मी जावेला सगळं सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांना मूर्ख म्हणत आले. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला म्हटलं. "मगे तां सगळां नाटक?" जावेने विचारलं. मी म्हटलं, "दुखलं ते खरं वयनी, पण ते माझ्या मस्तीमुळे." ती पुढच्या आठवड्यात माझ्याबरोबर आली.

दहा मिनिटांत ती बाहेर आली, पदर सारखा करत. "इतक्यांच?" ती म्हणाली. "एवड्यासाठी तू माका तीन म्हयने भियवलंस?" मी आजवर इतरांकडे जशी बघत आले, तशी ती माझ्याकडे बघत होती.

रिपोर्टात डावीकडे गाठ निघाली. सुई घालून तपासली. जी नको होती, तीच होती. आता तिचं ऑपरेशन झालंय, पुढची औषधं चालू आहेत. सुईचा रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, गाठ लहान आहे, वेळेत आलात. जावेने खुर्चीतल्या खुर्चीत त्यांना हात जोडले, आणि मग माझा हात धरला; हिनेच मला आणलं, म्हणाली. तीन महिन्यांपूर्वी ती गाठ केवढी होती, होती की नव्हती, हे विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. त्या हॉस्पिटलात फोनवरच्या पोरीपासून प्रत्येकाला जाब विचारलेली बाई मी. तेवढं एक विचारायची मला हिंमत झाली नाही.