भरमाप्पाचं ठणठणीत हृदय

नाव भरमाप्पा, आडनाव गवळी, धंदाही तोच. वय एकसष्ट. राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर. वैशाखात हृदयविकाराचा झटका, दोन स्टेंट बसवले. सद्यस्थितीत हृदयाचे कार्य समाधानकारक, रक्तदाब मर्यादेत, छातीत दुखणे नाही, धाप नाही. औषधे वेळेवर. घरच्यांचे सहकार्य उत्तम. दैनंदिन कामे करण्यास सक्षम. तक्रार: काही नाही.

हे शेवटचे तीन शब्द डॉक्टर लिहीत होते तेव्हा भरमाप्पा समोरच बसून आपली तक्रार तिसऱ्यांदा सांगत होता.

तक्रारीची सुरुवात चहापासून झालेली. दवाखान्यातनं घरी आल्यावर सुनेनं, सौंदर्यानं, पुढं कप ठेवला. भरमाप्पानं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"कसलं दूध म्हणायचं हे?"

"पिशवीचं हाय, अप्पा. साय काढलेलं. हार्टला चांगलं असतंय."

गोठ्यात आठ म्हशी. संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून निम्मी पेठ भरमाप्पाच्या हातचं फेसाळ धारोष्ण दूध पिणार, आणि त्याच्याच घरात दूध दुकानातनं येणार. घरात मयत झालं तरी गवळ्याच्या दारी पिशवी आली नव्हती. त्या दिवशी भरमाप्पानं कप मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशीही पिशवीच आली. रागावणं हृदयाला बरं नाही, असं सगळ्यांनी मिळून त्याला समजावलं. त्यानं तो जास्तच रागावला.

मग धारा काढायची बादली गेली. मग मोटारसायकलची किल्ली बायकोच्या, शांतादेवीच्या, कमरेच्या पिशवीत गेली. भरमाप्पाच्या वाट्याला दारातली प्लॅस्टिकची खुर्ची आली. येणारा-जाणारा पुढ्यात थांबून मान तिरकी करायचा आणि मयताच्या घरी बोलावं तसं हळू बोलायचा. "जपा, अप्पा." जपायचं काय, ते कुणी सांगत नव्हतं. छाती दुखत नव्हती. दुखत होतं ते बुड, बसून बसून.

"दहापैकी किती मार्क द्याल तब्येतीला?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन."

"अहो, इको तर माझ्यापेक्षा चांगला आलाय तुमचा."

"मग त्यो इको तुमी ठेवा, आन मला धारा काढू द्या."

"काढा की. गाडी चालवा, चाला, काम करा. कोण नको म्हणतंय?"

भरमाप्पानं मुलाकडं, शशिधरकडं पाहिलं. शशिधर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. बाहेर आल्यावर तो आईला फोनवर म्हणाला, "पूर्ण आराम सांगितलाय." बाप शेजारीच उभा होता. आजारी माणसाला ऐकू येत नाही अशी घरोघरी समजूत असते.

दिवाळीचा पाडवा आला. या दिवशी गवळी म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा. दावं लावायचं नाही. मालकानं सायलेन्सर काढलेली गाडी पुढं पळवायची, हाक घालायची, आणि म्हशीनं आपण होऊन मागं धावायचं. न धावली तर मालकाची अब्रू भर रस्त्यात जाते. भरमाप्पाची चंद्री रेडकू असल्यापासून त्याच्याच हाकेवर पळत आलेली. यंदा तिला आपण पळवणार, असं शशिधरनं परस्पर ठरवून टाकलं.

"ती तुझ्यामागं यायची न्हाय," भरमाप्पा खुर्चीतनं म्हणाला.

"अप्पा, तुमी फकस्त बगा."

भरमाप्पानं बघितलं. शशिधरनं गाडी फाडफाड वाजवत नेली. चंद्री कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली, आणि तिनं दोन्ही बाजूच्या गर्दीसमक्ष शेण टाकलं.

"शशा," शेजारचा केरबा ओरडला, "म्हस तुजीच हाय न्हवं? का भाड्यानं आणलीयास?"

भरमाप्पा उठला. भराभर चालत गेला, पोराच्या दंडाला धरून त्याला गाडीवरनं खाली घेतलं, आणि वर बसला. शांतादेवी मागनं म्हणत होती, "अवो, ऐका की, अवो." त्यानं गाडीची मूठ पिळली. "ये गं चंद्रे!" आणि ती काळी धिप्पाड म्हस कवड्या उडवत अशी सुटली की गर्दी भिंतीला चिकटली. तो चौकापर्यंत गेला, वळला, परत आला. चंद्री मागच्या चाकाला नाक लावून उभी राहिली.

"धाप लागली का?" शांतादेवीनं विचारलं.

"न्हाय."

"घाम?"

"म्हशीला इचार."

त्या दिवशी तो दोन पोळ्या जास्त जेवला. केरबानं तब्येत विचारली तर म्हणाला, "धापैकी धा. लिवून घे." वैशाखापासून भरमाप्पा पहिल्यांदाच हसला. घरात दुसरं कुणी हसलं नाही. शांतादेवी देवापुढं बसून रडली. शशिधर शेणाचा प्रसंग गिळून बसला होता, आणि आता त्या अपमानाला बापाच्या काळजीचं नाव देता येत होतं.

पुढच्या तपासणीला जावई घेऊन गेला. इको आणखी सुधारला होता. डॉक्टरांनी खूश होऊन लिहिलं: प्रकृती उत्तम, रुग्ण सर्व कामे करण्यास समर्थ, मानसिक ताण टाळावा. भरमाप्पा तो कागद घेऊन घरी आला. आता हे पोराच्या नाकावर मारायचं, असं ठरवूनच आला. आधी गोठ्यात शिरला. चंद्रीचा खुंट मोकळा होता.

"ताण नको म्हणून इकली, अप्पा," शशिधर दारातनं म्हणाला. "तुमच्या जिवापरास म्हस मोठी हाय व्हय?"

"जीव कुणाचा हाय?" भरमाप्पानं विचारलं.

सौंदर्यानं चहा आणून ठेवला.

चंद्री आता कागलात आहे.