उठा पावणं, घोडं आलंय

"उठा पावणं! उठा की! घोडं आलंय बघा, घोडं!"

मल्टिप्लेक्सच्या गारेगार अंधारात माझे मामेसासरे खुर्चीवरून उठून पडद्याला ओरडत होते. पडद्यावर हिरो पोटात गोळी खाऊन धुळीत आडवा झाला होता, त्याचं तांबडं घोडं शेजारी येऊन उभं होतं आणि मागच्या रांगेतल्या मंडळींचं पॉपकॉर्न तोंडाच्या वाटेवर थांबलं होतं. मी त्यांच्या शर्टाची बाही ओढून म्हटलं, "मामा, बसा." "बसा काय, बसा? हितंच उठतंय त्ये! मला म्हाईत हाय!" घोड्यानं मान खाली घालून मालकाला हुंगलं, जरा वाट बघितली आणि ते एकटंच डोंगराकडं चालायला लागलं. पडद्यावर नावं सरकू लागली. हिरो काही उठला नाही. दिवे लागले तेव्हा मामांनी डोक्यावरची हॅट काढली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "जावई, दवाखान्यात फोन लावा. सोमवारचं आप्रेशन कॅन्सल."

माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे थोरले मामा, हे अमेरिकेबाहेर जन्माला आलेले सगळ्यात अस्सल काऊबॉय आहेत असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतले मी पाहिलेले नाहीत, त्यामुळं 'अमेरिकेबाहेर' हा शब्द काढून टाकायलाही माझी हरकत नाही. डोक्यावर हॅट, खाली पांढरा लेंगा आणि पायात करकर वाजणारं पायताण हा वेश ऐकून तुम्हाला हसू येईल. मलाही लग्नात पहिल्यांदा आलं होतं. पण त्याच वेशात ते सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर बसून निघाले आणि मागून त्यांच्या म्हशी धुरळा उडवत पळायला लागल्या, की भल्याभल्यांचं हसू घशात अडकतं. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून त्यांना गाडीमागं पळवायची आमच्या कोल्हापुरात रीतच आहे. बाकीचे लोक हौस म्हणून वर्षातून एकदा पळवतात. मामा रोज सकाळी पंचगंगेवर धुवायला नेताना पळवतात. दोन बोटं तोंडात घालून ते एक शीळ मारतात, ती त्यांनी पिक्चरमधून उचललेली आहे. त्या शिळेला त्यांची चंद्री नावाची म्हैस दावं तोडून येते. एकदा भर चौकात त्यांनी ती मारली, तेव्हा चंद्री तर आलीच, पण तिच्यामागोमाग परक्या गोठ्यातल्या तीन म्हशी आल्या, एक एस.टी. जागच्या जागी थांबली आणि साहेबांनी बोलावलं असं समजून ट्रॅफिकचा हवालदारही पळत आला. मामा मोटारसायकल कधी 'लावत' नाहीत, 'बांधतात'. लिंबाच्या झाडाला, साखळीनं. बांधून झाली की टाकीवर थाप मारतात आणि म्हणतात, "दमलंय गडी."

त्यांचा नेम हा तर स्वतंत्र पुराणाचा विषय आहे. संध्याकाळी दूध कट्ट्यावर त्यांच्या म्हशी उभ्या राहतात. तिथं दूध पिशवीतून येत नाही. गिऱ्हाईक पेला पुढं करतं आणि धार थेट पेल्यात पडते. इतर गवळी पेला सडाखाली धरायला लावतात. मामा म्हणतात, "लांब सरका." मग एक डोळा मिटून, दोन्ही हातांत दोन पिस्तुलं असावीत तशा त्या धारा सोडतात, आणि हातभर लांबचा पेला फेसानं भरतो. पुण्याच्या एका पाहुण्यानं "थेंब अंगावर उडेल हो," अशी शंका काढली होती. मामांनी त्याच्या शर्टाच्या खिशातल्या पेनाचं टोपण धारेनं उडवलं आणि शर्ट कोरडा ठेवला. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण ज्यांनी मला सांगितलं त्या प्रत्येकानं पेनाचा रंग वेगवेगळा सांगितला, म्हणजे पाहणारे बरेच होते.

हे सगळं आलं कुठून, तर एका जुन्या काऊबॉय पिक्चरमधून. मामा मिसरूड फुटायच्या वयात असताना तो गावात आला आणि पावसाळाभर हललाच नाही. पिक्चर इंग्लिश, पब्लिक कोल्हापूरचं. एक अक्षर कुणाला कळत नव्हतं, त्यामुळं गोष्ट सगळ्यांना स्वच्छ समजली. अनोळखी माणूस घोड्यावरून गावात येतो, म्हणजे तो 'पावणं'. नदी अडवून बसलेला जाडा मिशीवाला, तो 'सरपंच'. भांडण पाण्याच्या पाळीचं. शेवटी पावणं सरपंचाला उडवतात, स्वतः पोटात गोळी खाऊन पडतात, घोडं येतं, पावणं दात आवळून उठतात, खोगिराला धरून वर चढतात आणि टेकडीकडं निघतात. तेवढ्यात दिवे लागायचे, आणि पब्लिक आपापल्या पोटाला हात लावत, पण ताठ मानेनं घरी जायचं. मामांनी तो पिक्चर किती वेळा पाहिला याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही. "आईला किती डाव हाक मारली, हे मोजतंय का कोण?" असं ते विचारतात.

पण हा शेवट त्यांनी नुसता पाहिला नाही, वापरला. बैलानं शिंग मारून बरगडी मोडली, तेव्हा ते "पावणं उठलं, मग मला काय धाड भरलीय," म्हणत चालत घरी आले. महापुरात गोठा वाहून गेला, तेव्हा पाणी ओसरल्यावर चिखलात उभं राहून त्यांनी तेवढंच वाक्य म्हटलं आणि खोरं हातात घेतलं. म्हणून या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाचे फोटो दाखवून "बायपास करावी लागेल, उशीर करून चालणार नाही," असं सांगितलं, तेव्हा आम्ही सगळे गळाठलो आणि ते एकटे हसले. "पोटात गोळी घिऊन माणूस घोड्यावर चढलाय डॉक्टर. मला तर तुम्ही भूल देणार." अट एकच घातली. त्याच पिक्चरचा नवा अवतार, हिंदीत डब होऊन, शुक्रवारी लागणार होता. तो बघायचा आणि सोमवारी टेबलावर चढायचं.

आता कोल्हापुरात नुसता पिक्चर लागत नाही, त्याच्यावरून गावाच्या दोन तालमी होतात. दूध कट्ट्यावर महिनाभर आधीच जुना गट आणि नवा गट पडले होते. नव्या गटाचा म्होरक्या म्हणजे शेजारचा सुहास, इंजिनिअर, पण वागायला चांगला. "मामा, नव्यात काय फोटोग्राफी हाय! विषय हार्ड!" मामा धार काढता काढता म्हणायचे, "फोटोग्राफी लग्नात असती. घोड्यावर बसलाय कसा ते सांग." ट्रेलरमधलं घोडं त्यांनी मोबाईलवर थांबवून बघितलं आणि जाहीर केलं, "ह्यो गडी सोफ्यावर बसल्यागत बसलाय. घोडं लाजलंय बघ, कान पाडल्यात." त्यावर नव्या गटानं चौकात डिजिटल बोर्ड लावला, 'पावणं परत येतायत', खाली सगळ्यांचे गॉगल घातलेले फोटो. जुन्या गटानं त्याच्या डोक्यावर दुसरा लावला, 'पावणं गेलेतच कुठं?', आणि त्यात मधोमध मामा, हॅटमध्ये, चंद्रीसकट. एवढं असूनही शुक्रवारी मामांना थेटरात पुढचं तिकीट काढून दिलं ते सुहासनंच.

आणि तिथं नवा पावणा मेला.

बाहेर पार्किंगमध्ये मामा हॅट हातातच धरून उभे राहिले. पहिल्यांदाच भाषा कळल्यामुळं भांडण पाण्याचं नसून रेल्वेच्या जमिनीचं होतं हेही त्यांना समजलं होतं. सुहास बिचारा समजूत घालायला पुढं झाला आणि बोलू नये ते बोलला. "मामा, मनावर घिऊ नका. जुन्यात पण मेलाच हाय की त्यो. टेकडीपल्याड गेल्यावर घोड्यावरनं पडतोय." "खोटं!" मामा गरजले, आणि तीन गाड्यांचे अलार्म वाजले. सुहासनं मोबाईल काढला. त्या बोटभर पडद्यावर, आमच्या सगळ्यांच्या देखत, जुना पावणा टेकडी चढला, पलीकडं उतरला, हळूच कलंडला आणि गवतात पडला. मामांनी ते दृश्य एकदाच बघितलं. मग माझ्या खांद्याला धरून ते गाडीपर्यंत चालत आले. तोवर त्यांनी कधी कुणाचा खांदा धरल्याचं मला आठवत नाही.

घरी मामी दारातच होत्या. त्यांना सगळं कळल्यावर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जावईबापू, डॉक्टर काय म्हणालं ते मी ऐकलंय. त्या पिक्चरपायी मला कुक्वाला मुकायचं न्हाय. कायबी करा." मी म्हटलं, मामी, करतो. आणि मला दस्तगीरचाचा आठवले.

दस्तगीरचाचा हे त्या काळचे थेटराचे ऑपरेटर. थेटर पाडून तिथं दुकानं झाली तेव्हा ते कोडोलीला लेकाकडं राहायला गेले. मामांचे जिवलग मित्र. मामांना त्यांच्यावर डॉक्टरांपेक्षा जास्त विश्वास. मी शनिवारीच फोन करून त्यांना पढवून ठेवलं. "चाचा, मोबाईलवरचं खोटं हाय म्हणा. कोल्हापूरला आलेल्या पिक्चरात पावणं जगलं म्हणा. माणसाच्या जिवाचा प्रश्न हाय." चाचा म्हणाले, "या तर खरं."

रविवारी सकाळी आम्ही कोडोलीला पोचलो. चाचा ओसरीवर लसूण सोलत बसले होते. चहा आला, तो निवला, तरी मामांनी कपाला हात लावला नाही. "दस्तगीर, तू सगळं पिक्चर बघितलायस. पावणं जगलं का मेलं?"

मी मामांच्या पाठीमागं उभा राहून जिवाच्या आकांतानं मान हलवत होतो. चाचांनी माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं, लसणाची एक पाकळी सोलून वाटीत टाकली.

"मेलं," ते म्हणाले.

मी डोळे मिटले. मामी आता मला घरात घेणार नाहीत, एवढंच डोक्यात आलं.

"मेलंच की. पहिल्या दिवशी मी समदं दावलं. तू न्हवतास, तुझी म्हस व्याली हुती. पब्लिक उठंना. टोप्या काढून बसलं. एकानं तर दहाव्याची वर्गणी काढली. भायेर तीनचं पब्लिक दारं बडवतंय, आन् आतलं म्हणतंय, मयत झालंय, जरा दम धरा. मालक म्हणलं, दस्तगीर, उद्यापासनं पावणं घोड्यावर चढलं की लाईट लाव. मी लावली."

"म्हंजे फसवलंस आमास्नी," मामा म्हणाले. आवाज अगदी बारीक.

"कशाचं फसवलं?" चाचा पहिल्यांदाच चिडले. "मी खोलीत बसून बघत हुतो. शेवटचं रीळ तपासाय लागायचं, एकट्यानं. रोज मरायचं ते, माझ्यासमोर. आन् दुसऱ्या दिवशी बाराच्या खेळाला परत घोड्यावर हजर. पावसाळाभर एक दिस तरी खाडा केला का त्यानं? तू हुतास की म्होरं. सांग."

मामांनी बोटांवर दिवस मोजले. "न्हाय," ते म्हणाले.

"मग? त्या तुझ्या नव्या थेटरात बघ जा. शुक्रवारी मेलाय म्हणतोस न्हवं? आत्ता बाराच्या खेळाला परत गावात शिरंल."

मामांनी निवलेला चहा एका घोटात संपवला. परतीच्या वाटेवर ते एवढंच बोलले, "नव्या गड्याला बसाय येत न्हाय, ह्ये मातर मी मागं घेनार न्हाय."

सोमवारी त्यांना आत नेलं. हॅट मामींच्या मांडीवर राहिली. त्या तिची कड बोटांनी सारखी सरळ करत बसल्या. जुना गट आणि नवा गट दवाखान्याच्या पायऱ्यांवर एकाच ओळीत बसले होते, आणि सुहास दोन्ही गटांसाठी चहा आणत होता. संध्याकाळी चंद्री दुसऱ्या कुणाच्या हाताला दूध देईना, म्हणून कट्ट्यावर तिची जागा रिकामी राहिली. इतक्या वर्षांत मी त्या माणसावर किती हसलो, आणि ती शीळ एवढ्या दिवसांत एकदाही नीट शिकून का घेतली नाही, असं काहीतरी माझ्या मनात येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मला काचेच्या खोलीत पाच मिनिटं सोडलं. मामा नळ्यांमध्ये गुंडाळून पडले होते, ओळखू न येण्याइतके लहान. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "मामा, कसं वाटतंय?"

त्यांनी एक डोळा उघडला. धार सोडताना उघडा ठेवतात तोच.

"किती वाजलं?"

"पावणेबारा."

"मग थांबा की जरा," ते म्हणाले.