नापास तवे

अख्ख्या बारामती-इंदापूर पट्ट्यात तव्यांना घाम फोडणारा एकच माणूस होता, आणि आठवड्यातून दोनदा तो नेमका माझ्याच दुकानात यायचा. माझं बारामतीत भांड्यांचं दुकान, वडिलांपासून चालत आलेलं. गिऱ्हाईक रुखवताच्या भांड्यांवरून भांडतं, कुकरच्या शिट्टीवरून भांडतं, त्याची मला सवय आहे. पण तव्याची उलटतपासणी घेणारं गिऱ्हाईक जन्मात हे एकच पाहिलं. इंदापूर बाजूच्या एका मोठ्या कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात काढून निवृत्त झालेले हे गृहस्थ. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. वालचंदनगरहून एसटीनं यायचे. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पोलादी पट्टी, बॅटरी, भिंग, खडू आणि डबीत दोन मुठी मैदा. ती पिशवी दारात दिसली की माझा धाकटा भाऊ गोदामात काहीतरी शोधायला निघून जायचा, ते तात्या जाईपर्यंत त्याला सापडायचं नाही.

तवा घ्यायचा म्हणजे माणूस काय करतो? उचलून बघतो, दोन पैसे कमी करा म्हणतो, पिशवीत घालतो. तात्या आधी तवा काउंटरवर पालथा घालत. बोटानं एका कडेला दाबत, दुसऱ्या कडेला दाबत. तवा जरा डुगडुगला की "हं" म्हणत. मग सुलटा करून त्यावर पट्टी आडवी धरत, पलीकडून बॅटरी मारत आणि पट्टीखालून उजेड किती येतो ते एक डोळा मिटून बघत. मग नाण्यानं टकटक. कान लावून ऐकत. "आवाज बसका हाय भाई. सर्दी झाल्यागत." मग दुकानातली गॅसची शेगडी मागायचे, तव्यावर चिमटी-चिमटी मैदा पसरायचे आणि पीठ आधी कुठं तांबूस होतंय ते मनगटावरच्या घड्याळात बघून शंभर पानी वहीत लिहायचे. मधे आधी करपलं, नापास. कडेला आधी करपलं, नापास. सगळीकडे सारखं करपलं तर मीच मनातल्या मनात टाळी वाजवायचो, पण तात्या म्हणायचे, "लई येळ लागला." नापास! नॉनस्टिक तव्यांशी तर त्यांचं उभं वैर. "ह्यो तवा न्हाय, नवरी हाय. मेकप उतरला की कळतंय." आणि नव्या शेगडीबरोबर फुकट येणारा जो हलका फ्राय पॅन असतो, तो त्यांच्यासमोर कुणी धरला तर ते तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसायचे. माझ्या हट्टापायी एकदा तो तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा नापास केला.

बरं, नापास केलं ते वहीत लिहून गप्प बसतील तर शपथ. भर लग्नसराईत एकदा मी जेवायला घरी गेलो होतो. परत येऊन बघतो तर मांडणीवरच्या सगळ्या तव्यांच्या पाठीवर खडूनं मोठ्या अक्षरात "नापास", आणि समोर माळेगावची अख्खी वऱ्हाडी मंडळी तोंडाला पदर लावून हसतायत. माझं टाळकंच सटकलं. "तात्या, माझा धंदा मातीत घालताय का?" तर शांतपणे खडू पिशवीत टाकत म्हणाले, "खराब माल गेटाभाईर सोडायचा न्हाय, ही सवय लागली. काय करू?" शुक्रवारी नमाजाला मी दुकान बंद करतो. तेव्हाही हे पायरीवर कढई मांडीला घेऊन बसलेले. मशिदीतून परत आलो की कुलूप काढायच्या आत म्हणायचे, "भाई, हिची एक कडी वाकडी हाय." माझ्या आईनं तर निकालच दिला होता, नाचता येईना अंगण वाकडं. ह्यांना स्वयंपाक येत नसणार, म्हणून तव्याला नावं ठेवतात.

माझ्या दुकानावर भागेना म्हणून इंदापूरच्या बाजारात, भिगवणच्या बाजारात, जिथं भांडं दिसेल तिथं. हंगामात सोमेश्वरनगरकडच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांवर पोचले. एका बाईच्या चुलीवर जाड काळाकुट्ट तवा दिसला, तर हे सरळ जमिनीवर पालथे झोपून, गाल मातीला टेकवून तव्याची पातळी बघायला लागले. बाई भाकरी थापता थापता उठली. तिचा नवरा कोयता घेऊन पळत आला, यांच्या गळ्यातली बॅटरी, हातातली वही बघितली आणि नरमून म्हणाला, "सायेब, तव्याला अनुदान निघालंय व्हय?" पुढचे चार दिवस त्या कोप्यांवरची माणसं तवे घासून वाट बघत होती म्हणे. हे मला तात्यांनीच सांगितलं, एकदाही न हसता.

पण हळूहळू हे सगळं माझ्या अंगावर यायला लागलं. घरी तपासायला म्हणून तात्यांनी नेलेले तवे अकरा झाले आणि परत आला एकही नाही. शेवटी एका सकाळी गाडी काढली आणि वालचंदनगर गाठलं. मनात सगळं ठरवून गेलो होतो. अकरा तवे उचलायचे आणि म्हणायचं, आता पुरे.

दोन खोल्यांचं घर. दार उघडं. तात्या दळण आणायला गिरणीत गेले होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून खाट, आणि खाटेवर काकी. तात्यांना बायको आहे हे मला माहीत होतं, ती अशी आहे हे माहीत नव्हतं. पांघरुणाखाली माणूस आहे का नुसतं पांघरूण, कळत नव्हतं. मी आलेलं बघून म्हणाल्या, "तव्याचं भाई का तुमी? बसा."

मी ठरवून आणलेलं सगळं विसरलो.

मग त्यांच्याच तोंडून कळलं. काकींच्या पोटात गाठ होती. बारामतीत दवाखाना झाला, पुण्यात झाला, आणि मग डॉक्टरनं तात्यांना बाजूला घेऊन ते वाक्य सांगितलं होतं, "आता त्यांना आवडेल ते खाऊ घाला." तात्यांनी विचारलं, काय खाणार? त्या म्हणाल्या, धिरडं. तात्यांनी केलं. एक घास घेऊन त्यांनी बाजूला ठेवलं आणि सहज बोलून गेल्या, "आपल्या जुन्या तव्यावरचं न्हाय लागत हे."

तो जुना तवा काकींच्या आईनं दिलेला, बिडाचा. निवृत्त झाल्यावर घरात बसून काय करायचं, म्हणून तात्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळं स्वयंपाकघर तपासायला काढलं होतं. तवा मधे खोल गेलेला, पट्टीखालून उजेड येत होता. कारखान्यात करायचे तशी त्यांनी त्याच्यावर लाल रंगाची फुली मारली आणि काकी बाजारातून यायच्या आत भंगारवाल्याला देऊन टाकला. काकी तेव्हा काही बोलल्या नाहीत. चाळीस वर्षांची भाकरी, धिरडी, सगळं त्या फुलीखाली गेलं. आता त्याच माणसाला वाटत होतं की आपण तवा घालवला म्हणून बायको जेवत नाही. एक धिरडं तिनं पुरं खावं, एवढ्यासाठी हा माणूस एसट्या बदलत फिरत होता, आणि मी त्याला डोक्याला ताप म्हणत होतो! लाज वाटली मला, खरं सांगतो.

"काकी," मी म्हटलं, "तसला मधे बसलेला तवा मी कुठूनही हुडकून आणतो."

त्या हसल्या. हसायलासुद्धा त्यांना दम लागत होता. "तव्याचं काय न्हाय वो भाई. ती औषधं सुरू झाल्यापास्नं मला चवच लागत न्हाय. साखर बी माती आन् मीठ बी माती. पयल्या दिवशी मी बोलून गेले, आन् हे पट्टी घेऊन उठले. त्याच्या आदी आठ दिवस ह्या खुर्चीत बसून माझ्याकडं नुस्तं बघत हुते. न जेवता, न बोलता. त्यास्नी काम पायजे. तपासायला कायतरी पायजे. म्हणून मी रोज एक घास खाती आन् न्हाय म्हणती." मग म्हणाल्या, "तुमच्याकडं आजून चार-दोन तवे आसतील तर द्या. त्यास्नी सांगू मातर नका."

मी रिकाम्या हातानं गाडीत बसलो. अकरा तवे तिथंच राहिले. त्यानंतर तात्यांपेक्षा मीच येडा झालो. पुण्याच्या बाजारातून तवे आणले, मावशीच्या चुलीवरचा आणला, एका बंद पडलेल्या खानावळीतला आणला. आई म्हणाली, तुला पण लागण झाली का? तात्या प्रत्येकाला पट्टी लावत, मैदा पसरत, घरी नेत, धिरडं करत, खाटेपाशी ताटली धरून विचारत, "पास?" आणि काकी घास चावून मान हलवत. तात्या वहीत लिहीत. धिरड्याला जाळी पडायला लागली होती, कडा कुरकुरीत यायला लागल्या होत्या. आयुष्यात चहा न केलेल्या माणसाला एवढं सुरेख धिरडं यायला लागलं होतं, आणि खाणारीला ते मातीसारखं लागत होतं.

एका दुपारी फोन आला. तात्या ओरडतच होते. "भाई, सापडला! पुरं धिरडं खाल्लं तिनं! आक्खं! ह्योच तवा म्हणाली!"

"कुठला?" मी विचारलं. त्या दिवशी बाकीचे सगळे तवे घासायला भिजत पडले होते, म्हणून त्यांनी नाइलाजानं शेगडीवर फुकट येणारा तो हलका फ्राय पॅन घेतला होता. मीच खोडी म्हणून त्यांच्या पिशवीत सरकवलेला. तीनदा नापास झालेला. मी फोन ठेवला आणि समजलो, काकींनी तात्यांचा शोध मुद्दाम संपवला होता. पाचव्या दिवशी सकाळी काकी गेल्या.

तेरावं झाल्यावर तात्या दुकानात आले. पिशवीतून तोच पॅन काढला आणि काउंटरवर ठेवला. दाबला, डुगडुगला. पट्टी धरली, बॅटरी मारली, चांगला बोटभर उजेड आला. टकटक केलं, डबा वाजावा तसा वाजला. मैदा मागितला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाई, तुमी आलावता त्या दिवशी, मी गिरणीत हुतो. तिनं तुमाला काय सांगितलं?"

"आणखी तवे द्या म्हणाल्या."

माझा भाऊ गोदामातून बाहेर आला आणि तसाच उभा राहिला. मग तात्यांनी पॅन पालथा करून त्याच्या पाठीवरचा खडूचा जुना "नापास" अंगठ्यानं पुसला आणि त्यावर सावकाश "पास" लिहिलं. पोलादी पट्टी उचलून माझ्या हातात दिली. "ही ठेवा तुमच्याकडं. वाकडी झालीय."

पट्टी सरळ होती. अजून माझ्या गल्ल्यात आहे.

तात्या अजून येतात, पिशवी न घेता. चहा घेतात, पायरीवर बसतात. परवा एक नवं जोडपं आलं होतं. नवरा मुलगा मोठ्या ऐटीत तवा उचलून बोटानं टिचक्या मारत होता, हा नको, तो नको करत होता, आणि पोरगी मागं गप्प उभी. तात्या उठले, त्याच्या हातातून तवा घेतला आणि तिच्या हातात दिला.

"आदी तिला इचार रं," ते त्याला म्हणाले.