टिपणीस बाई आधी खडू काढून घेतात

टिपणीस बाईंचा आवाज काढणं सगळ्यात सोपं. नाक जरा चोंदलेलं ठेवायचं, चष्मा नसला तरी वर सरकवायचा आणि सावकाश म्हणायचं, "हं, पेनं खाली. आकडे कुठे पळून जात नाहीत. आधी सांगा, झालं काय?" हे मी एकदा त्यांच्यासमोरच करून दाखवलं. बाई म्हणाल्या, "श्वेता, मी एवढी नाकात बोलते?"

मी म्हटलं, "बाई, थोडं कमी करूनच दाखवलं."

त्या हसल्या आणि त्यांनी मला पहिल्या बाकावर आणून बसवलं. मला वाटलं शिक्षा. ती नोकरी निघाली.

आमची शाळा नाहूरला. खाली मराठी माध्यम, वर इंग्रजी. मुलं कमी झाली म्हणून आमची आठवी संपता संपता मराठी विभाग बंद झाला. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही काहीही न करता इंग्रजी माध्यमाचे झालो. जूनमध्ये आलो तर एक जिना जास्त चढायचा होता आणि वरती सगळं इंग्रजीत होतं, अगदी 'पंखा बंद करा'सुद्धा.

बाईंचंही तेच झालं. पद्मजा टिपणीस, राहणार मुलुंड, जन्मभर मराठीतून गणित शिकवलेलं. त्यांनाही संस्थेने वर पाठवलं. इंग्रजी विभागाच्या प्रमुखांशी, म्हणजे चंद्रप्रकाश सरांशी, बाई फक्त हिंदीत बोलायच्या आणि तेही गरजेपुरतं. पाठाचं टाचण इंग्रजीत लिहून द्यायच्या, पण ते आधी घरी विद्याधर काकांकडून तपासून घ्यायच्या. काका बँकेतून रिटायर झालेत. हे आम्हाला बाईंनीच सांगितलं. म्हणाल्या, "तुम्ही माझ्याकडे शिकता, मी ह्यांच्याकडे शिकते. ह्यांचा स्वभाव माझ्यापेक्षा वाईट आहे."

वर गेल्यावर आमचं गणित एकदम आपटलं. सगळे म्हणायला लागले, भाषेचा प्रॉब्लेम आहे. आम्हीही आनंदाने म्हणायला लागलो. बाईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात चिंचोक्यांची पिशवी आणली आणि मराठीतून भागाकाराची उदाहरणं घातली. चिंचोके मांडून वाटण्या करायच्या. नववीत.

नितेश म्हणाला, "बाई, इज्जतीचा पार भाजीपाला केलात."

"भाजीपाला नीट वाटून दाखव, मग इज्जत परत देते," बाई म्हणाल्या.

नितेशला वाटता आला नाही. आमच्यातल्या अर्ध्या जणांना आला नाही. तेव्हा कळलं की भागाकार मराठीतही लंगडाच होता, इंग्रजीने त्याच्यावर फक्त चादर टाकली होती. बाई ओरडल्या नाहीत. "बरं झालं, दिसलं तरी," एवढंच म्हणाल्या आणि रोज प्रार्थनेआधी आमचा वेगळा वर्ग सुरू केला. त्याचे पैसे त्यांना कुणी देत नव्हतं. रिक्षा मिळाली नाही की मुलुंडहून चालत यायच्या आणि फळ्याशी उभं राहून आधी घाम पुसायच्या.

या वर्गाचा नियम एकच. उदाहरण वाचलं की पेनं बाईंच्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जमा करायची. फळ्याशी असाल तर खडू बाईंच्या हातात. मग जे वाचलं ते, घडल्यासारखं सांगायचं. इथे माझी नोकरी सुरू व्हायची. बाई म्हणायच्या, "श्वेता, हे उदाहरण नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं असतं तर?" की मी सुरू. "मॅडम, चालीस शर्ट आया, उसमें पाँच-पाँच का गठ्ठा बाँधा, अभी बोलो कितना गठ्ठा?" पुस्तकातलं पार्सल आणि वेअरहाऊस गेलं खड्ड्यात. गठ्ठे सगळ्यांना दिसायचे. मग तेच हळूहळू इंग्रजीत, मोडकं चालेल, खोटं चालणार नाही. मग डबा उघडायचा. मी चाळीतली माणसं संपवली, शिक्षक संपवले, एकदा तर लिफ्टमधल्या बाईच्या रेकॉर्डेड आवाजात अपूर्णांक सांगितले. बाईंनी एकदाही म्हटलं नाही की पुरे.

सगळ्यात जास्त काळजी ऋतिकाची होती. ऋतिका परब, माझ्या बाकावरची, घर भांडुपला, गाव मालवणजवळ. पोरगी हुशार, पण बाहेरच्या शिकवणीच्या क्लासमध्ये तिला एक तक्ता पाठ करायला दिला होता. 'मोअर' दिसलं की बेरीज, 'लेफ्ट' दिसलं की वजाबाकी, 'ईच' दिसलं की गुणाकार. ऋतिका उदाहरण वाचायचीच नाही, शब्द शोधायची. सापडला की झडप. बाई म्हणायच्या, "ऋतिका, तू गणित करत नाहीस गं, मासे पकडतेस."

जानेवारीत चंद्रप्रकाश सरांनी सांगितलं की मराठी विभागातून आलेल्या प्रत्येकाची पायाभूत गणिताची तोंडी परीक्षा होणार. फळ्यावर सोडवायचं आणि इंग्रजीतून समजावायचं. ज्यांना जमणार नाही त्यांना दहावीला शाळेतून बसता येणार नाही. घरी बसून बाहेरून परीक्षा द्यायची.

ऋतिकाच्या आईने, सुगंधा काकूंनी, हे ऐकलं आणि त्या सरळ शाळेत आल्या. "बाईनू, माका काय एक कळणा नाय," त्या म्हणाल्या. "पण बाहेरून म्हणजे घराक. घराक म्हणजे पोरगी माझ्यावांगडा कामाक येतली. ता माका नको हा."

बाई म्हणाल्या, "मलाही नको."

परीक्षा सरांच्या केबिनशेजारच्या खोलीत झाली. आम्ही सगळे भिंतीला लागून बसलो, सर टेबलाशी, बाई दाराजवळ खुर्चीत. सरांनी आधीच बजावलं, "मॅडम, नो हेल्प. अँड इंग्लिश ओन्ली." माझं झालं, नितेशचं झालं, बरं गेलं. मग ऋतिका.

सरांनी चिठ्ठी दिली. ती तिने मोठ्याने वाचली. एका शेतकऱ्याच्या ऑर्चर्डमध्ये प्लमची चौसष्ट झाडं आहेत. ती पेअरच्या झाडांपेक्षा अठरा मोअर आहेत. तर पेअरची किती?

मला तिचा चेहरा दिसला. 'मोअर' दिसलं तिला. तिने फळ्यावर लिहिलं, चौसष्ट अधिक अठरा. सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

बाई उठल्या. सर म्हणाले, "मॅडम, नो हेल्प."

"नो हेल्प, सर. चॉक ओन्ली," बाई म्हणाल्या. आम्ही त्यांना सरांशी इंग्रजीत बोलताना पहिल्यांदा ऐकत होतो. त्या फळ्याशी गेल्या, ऋतिकाच्या हातातला खडू घेतला, स्वतःच्या मुठीत धरला. "नाऊ टेल. व्हॉट हॅपन?"

ऋतिका सरांकडे बघत राहिली. तिला सांगायचं होतं, ते तोंडापर्यंत आलेलंही दिसत होतं, पण मोडकं इंग्रजी सरांसमोर काढायची तिची छाती होत नव्हती.

तेव्हा बाई सरांकडे वळल्या. चष्मा वर सरकवला. "सर, फर्स्ट आय टेल माइन. टुडे रिक्षा इज नॉट कम. आय वॉक फ्रॉम मुलुंड. आय अ‍ॅम केम लेट दॅन दॅन बेल. प्यून इज लाफ. आय ऑल्सो लाफ." मग ऋतिकाकडे बघून म्हणाल्या, "सी. माय इंग्लिश इज धिस. सर हर्ड फुल. नथिंग हॅपन टू सर."

ज्या माणसापासून बाईंनी आठ महिने आपलं इंग्रजी लपवलं होतं, त्याच्याच टेबलावर त्यांनी ते सगळं ओतलं होतं. गणिताचे तास त्यांच्याकडे ठेवायचे की नाहीत, हे हाच माणूस ठरवणार होता.

सरांनी लाल पेनाला टोपण लावलं. "टेल, बेटा," ते म्हणाले.

ऋतिकाने डोळे मिटले. "फार्मर इज माय ग्रँडफादर," ती म्हणाली. "ही हॅज वाडी. वन साइड कोकोनट. कोकोनट सिक्स्टी-फोर. अदर साइड..." ती अडली. "पोफळी."

"पेअर," सर म्हणाले.

"सर, पेअर आय नेव्हर सी. पोफळी आय सी." भिंतीला लागून बसलेल्या आम्ही सगळ्यांनी खोकल्यासारखं केलं. "कोकोनट इज मोअर. एटीन मोअर. सो पोफळी इज..." तिने डोळे उघडले आणि फळ्याकडे वळून आपलीच बेरीज बघितली. "सो पोफळी इज लेस, सर. आय डिड राँग."

तिने हात पुढे केला. बाईंनी खडू दिला. ऋतिकाने तळहाताने अधिकची खूण पुसली, वजाबाकी मांडली, ओठ हलत होते, चौसष्टातून अठरा, आणि लिहिलं शेहेचाळीस.

"हाउ डू यू नो इट इज राइट?" सरांनी विचारलं.

"फॉर्टी-सिक्स अँड एटीन, सिक्स्टी-फोर. ग्रँडफादर इज हॅपी."

सर हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. "रेग्युलर टेन्थ," ते म्हणाले. "सिट डाउन." मग बाईंना हिंदीत म्हणाले, "मॅडम, आप कभी इंग्लिश में बोलीं नहीं."

"आपने कभी पूछा नहीं, सर," बाई म्हणाल्या. "और मैंने सोचा, न पूछें तो अच्छा."

"मंडे से बच्चों के सामने ऐसे ही बोलिए," सर म्हणाले. "और ये सुबह का क्लास टाइमटेबल में डालते हैं."

हे सगळं मी आता सरांच्या आवाजात, मिशांसकट, करून दाखवू शकते. सुगंधा काकूंनी तर दोनदा करून घेतलं. पहिल्यांदा हसल्या, दुसऱ्यांदा पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "त्या बाईंका माझा नमस्कार सांग." मी सांगितला. आमचा सगळ्यांचा नमस्कार त्यातच होता, तो वेगळा कसा सांगायचा हे मात्र मला येत नाही. दुसऱ्याचा आवाज काढता येतो, तिथे आपला निघत नाही.

पण त्या दिवशी खोलीतून बाहेर पडलो तेव्हा बाई जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसल्या. ऋतिकाने पाण्याची बाटली दिली. बाईंनी अर्धी संपवली, मग आमच्याकडे बघून हळूच विचारलं, "माझं ते 'दॅन' बरोबर होतं का गं?"

ऋतिका म्हणाली, "बाई, होतं बरोबर. दोनदा होतं."

"हं," बाई म्हणाल्या. "घरी ह्यांना सांगू नका."