आक्काची फ्लॉपी आणि माझं कंट्रोल-सी

आयुष्यात मी एकच गोष्ट अगदी वेळेवर विसरलो.

भूकंपानंतरच्या वर्षातली गोष्ट. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघत होते. आमच्या आक्कानंही घरातच फिजिक्सचा क्लास काढला. एका ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर आणला. त्यावर सीपीएम नावाची जुनाट सिस्टीम होती. (जग कधीच पुढं गेलेलं. आम्ही पेढे वाटले!) मी तीन महिन्यांचा कोर्स केलेला, म्हणजे घरातला शास्त्रज्ञच! मी दोन नियम घालून दिले. एक, फ्लॉपीवर पेनानं लिहायचं नाही, नाव फक्त पाकिटावर. दोन, फ्लॉपी बदलली की कंट्रोल-सी दाबायचं. हा दुसरा तर कागदावर लिहून भिंतीला चिकटवला.

आक्कानं दोन वर्षं खपून जमवलेले सगळे प्रश्न एका फ्लॉपीत भरले होते. पार औसा-चाकूरहून पोरं परीक्षेला यायची होती. आदल्या दिवशी आक्का म्हणाली,

"मधू, हिची दुसरी प्रत काढ की रे. एकच हाय."

"हाव, आत्ता काढतो!"

प्रतीसाठी रिकामी फ्लॉपी हवी. आक्काची पाकिटातून काढून ठेवली, कोऱ्या पाकिटातली माझी सरावाची फ्लॉपी मशीनमध्ये घातली, तिच्यातल्या फाइलींची यादी बघितली, आता पुसणार, तेवढ्यात मांडणीवरची भांडी खणखणली.

"भूकंप!" आई ओरडली.

त्या वर्षी आमच्याकडं आधी पळायचं आणि मग विचार करायचा, अशी पद्धत होती. आईनं दागिन्यांची पिशवी उचलली, मी दोन्ही फ्लॉप्या, उघड्याच, आणि त्यांची पाकिटं. अंगणात गेल्यावर कळलं, उसाचा ट्रक गेला! मी ऐटीत फ्लॉप्या आपापल्या पाकिटात घातल्या. (म्हणजे एकमेकींच्या!)

आत येऊन कोऱ्या पाकिटातली फ्लॉपी घातली. यादी मागवली, ती आली. पण मी वाचतो कुठला! पुसायचा हुकूम दिला. मशीननं विचारलं, सगळं पुसू? मी बिनधास्त 'हो' दाबलं.

"मधू, काय करायलास?" आक्का तिचं पाकीट उघडून बघत होती. "माझ्या पाकिटात ही चहाचा डाग पडलेली फ्लॉपी कुणाची?"

चहा माझा होता. फ्लॉपीही माझी.

आक्का मटकन खाली बसली. "दोन वर्षं रे मधू! उद्या पोरांना काय देऊ?" मला तिच्याकडं बघवेना. रडूच आलं.

पडद्यावर मात्र कसलीतरी तक्रार उमटली होती. पुन्हा यादी मागवली. सगळे प्रश्न जागच्या जागी! कंट्रोल-सी न दाबता फ्लॉपी बदलली, तर सीपीएम तिच्यावर काही लिहायला किंवा पुसायला साफ नकार द्यायची. आणि मी घाईत नेमकं तेच दाबलं नव्हतं!

"देव पावला गं बाई!" आई म्हणाली. "मशीन बिघडलं व्हय?"

"न्हाई. मी माझाच नियम विसरलो."

आक्का आधी हसली, मग रडली, मग तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. प्रत तिनंच काढली, मला लांब बसवून.

परीक्षा झकास झाली. संध्याकाळी बघतो तर भिंतीवर माझ्या 'कंट्रोल-सी दाबा'च्या खाली आक्काच्या अक्षरात एक ओळ वाढलेली: 'मधू बसला असेल तर दाबू नये.'